चालू अवस्थेत

मी बराक नंबर तीनचा लिहिणारा.
बाहेर होतो तेव्हा पतसंस्थेत रोखपाल,
म्हणूनच आत आहे.
अक्षर चांगलं, एवढीच शिल्लक पुण्याई.
फर्लो, पॅरोल, दाढदुखी, आईला पत्र,
सगळ्यांचं सगळं माझ्या हातचं.
टेकचंद बोपचेची याचिकाही.

त्याचं म्हणणं साधं होतं.
अकरा वर्षांमागे मोठ्या फाटकावर झडती झाली,
रजिस्टरात नोंद पडली:
मनगटी घड्याळ, एचएमटी, नग एक, चालू अवस्थेत.
पॅरोलवर निघताना पाकीट फोडलं
तर काटे चार-दहावर खिळलेले.
"चालू देल्लं होतं ना भाऊ. मंग चालूच वापस पाह्यजे."

म्हटलं, टेकचंद, चावीचं घड्याळ आहे,
चावी नाही दिली तर थांबणारच.
"मंग द्याची होती चावी.
सरकारच्या ताब्यात होतं नं थे?"

यावर मला बोलता आलं नाही.
कागद ओढला. समास सोडला.
मागणी : रुपये दोन लाख फक्त.

हायकोर्ट तिकडे सिव्हिल लाइन्समध्ये, दगडी, घुमटाचं.
आम्हाला ते दिसतं व्हीसीच्या खोलीत,
बत्तीस इंची, ओठांच्या मागून येणाऱ्या आवाजासकट.
विधी सेवेच्या सोनकुसरे बाई उभ्या राहिल्या, खोकल्या.
सरकारी वकील हसला,
मग हसणं फायलीत मिटून ठेवलं.
बाहेर मे महिना, कूलरमधलं पाणी संपलेलं.
टेकचंदने पडद्याकडे पाहिलंच नाही.
पडद्यावरच्या भिंतीवरल्या घड्याळाकडे पाहत होता.

आदेश नवव्या दिवशी आला. इंग्रजी, अकरा ओळी.
मी एकेक ओळ मराठीत उतरवत वाचला.
याचिका निरर्थक.
याचिका खोडसाळ.
याचिकाकर्ता खुनाच्या गुन्ह्यात जन्मठेप भोगत आहे.
त्याने न्यायालयाचा अमूल्य वेळ वाया घालवला आहे.
फेटाळण्यात येते.
खर्च पाचशे रुपये, तुरुंगातील मजुरीतून वसूल करावा.

"अमूल्य म्हंजे?"
ज्याचं मोल होत नाही ते.
"अन् खालतं पाचशे लिवलं."
हो.
"सात मिंट लागले होते. मी मोजले."

रोखपालाचा हात थांबतो थोडाच.
फरशीवर खडूने मांडलं :
सात मिनिटांचे पाचशे,
तर अकरा वर्षांचे किती?
लीप वर्षं सोडून दिली, उगाच खोडसाळपणा नको.
एक्केचाळीस कोटी एकोणतीस लाख
आणि वर काही हजार.

बराक उसळली.
कोणी ताट वाजवलं. कोपऱ्यातला म्हातारा कोहळे म्हणाला,
माह्ये एकोणीस वर्सं लाव, माह्ये लाव.
चोरांनी, खुन्यांनी, माझ्यासारख्या गबाळ्या अफरातफरवाल्यांनी
त्या रात्री एकमेकांना शेटजी म्हणून हाका मारल्या.
कोर्टाने स्वतःच्या शिक्क्यानिशी भाव काढून दिला होता,
आणि आम्ही मूर्ख, दोन लाखांवर थांबलो होतो.

दिवे बारीक झाले.
अजनीच्या यार्डात इंजिनं एकमेकांना ढकलत होती.
टेकचंद फरशीशी उकिडवा बसला होता,
आकड्यांवर बोट फिरवत.
"खेमराज सव्वीसचा होता," तो म्हणाला.

खेमराज, चुलतभाऊ. तिरोड्याकडची धानाची बांधी,
धुऱ्यावरून निघालेलं भांडण, कुऱ्हाड.
हे मला फायलीतून ठाऊक होतं.
सव्वीस वजा केले तर उरतात किती,
कुणाच्या आयुष्यातून वजा करायचे,
सत्तरातून? ऐंशीतून?
खडू माझ्या हातात होता. मी काही लिहिलं नाही.

"त्याच्यापाशी घडी नोती.
मलेच पुसे, टेक्या, किती वाजले गा."

इंजिन थांबलं. पुन्हा ढकललं.

"त्या दिवशीबी पुसलं होतं."