नीम

निशाणी सत्तावीस. कागद फसली तेराशे सत्तेचाळीसचा,
घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी.
वादाची ओळ एकच:
बावली नीम, सर्व्हे नंबर एकोणसाठ, मौजे जवळा.

मोईजोद्दीन काझींनी भिंग धरून वाचलं,
शपथेवर, पिंजऱ्यात उभं राहून:
नून, ये, मीम.
"अर्धी असेल तरी असंच लिहितात साहेब,
आणि लिंबाचं झाड असेल तरी असंच."
वकील दरडावले, दोहोंपैकी एक सांगा.
काझी म्हणाले, "मी वाचायला आलोय, निवडायला नाही."
हे वाक्य टंकलेखकानं गाळलं.
मी तेव्हा जन्मलेही नव्हते.
काझींचा नातू जिंतूरच्या स्टँडवर झेरॉक्स काढतो, त्यानं सांगितलं.

दिवाणी दावा एकशे बारा, सन त्र्याऐंशी.
गंगाधर किशनराव पौळ विरुद्ध मुंजाजी तुकाराम पौळ.
खालचं कोर्ट म्हणालं: नीम म्हणजे अर्धी, सबब निम्मी विहीर वादीची.
परभणीचं म्हणालं: नीम म्हणजे झाड, ती विहिरीची नुसती खूण,
अर्ध्या पाण्याची चतुःसीमा कशी लिहिणार?
दोन्ही निकाल मी तीनदा वाचले.
दुसऱ्याची भाषा चांगली आहे,
आणि चांगल्या भाषेचा मला धंद्यामुळं संशय येतो.
मग औरंगाबादचं खंडपीठ: शब्द पुरे, जागा बघा.
प्रकरण परत. कमिशनर नेमा.

कमिशनर म्हणजे मी.
फी अडीच हजार, एस.टी.चं भाडं वेगळं.

दरम्यान वादी वारला, वारस लागले.
प्रतिवादी वारला, वारस लागले.
एक वारस चाकणला कंपनीत आहे,
त्यानं ही विहीर पाहिलेली नाही.

मी टेप धरला, पंच दोन, तलाठी उशिरा.
उत्तरेला लिंब. पश्चिमेला लिंब. बांधावर पोरकट लिंब सात.
कोणता तेव्हाचा?
इथं विहिरीपाशी लिंब नसता
तर तो पुरावा झाला असता.

कठड्याला खिळा, खिळ्याला खताची पिशवी, पिशवीत वही.
सोम ते बुध वरचे पौळ. गुरू ते शनी खालचे.
ऐतवारी मोटार बंद, पाणी चढू द्यायचं.
चार हातांची अक्षरं.
"डीपी जळाली, ही पाळी धरू नये."
"कोंता माहेरी, तिचा हरभरा मी भिजवला. फिरती देणे."
सगळ्यात जुनी वही चौऱ्याऐंशीची,
दावा लागला त्याच्या पुढच्या सालची.

"मग भांडता काहून?" मी विचारलं.
कोंताबाई म्हणाल्या, "कागदावर नाव पायजे बाई.
पानी तर हायेच."

मला विचारलेले मुद्दे तीन:
झाड आहे काय, वय किती, अंतर किती.
वही कोणत्याच मुद्द्यात बसत नाही.
ही कबुली म्हणावी, की वहिवाट,
की नुसता शेजार, ज्याला कलम नाही?
मी पेन उघडलं तशा दोन्हीकडच्या बाया एकदम म्हणाल्या,
"ते लिवू नका, वकील रागावतील."
एक्केचाळीस वर्षांत
दोन्ही पक्षांची ही पहिली संयुक्त पुरसीस.

अहवालात मी लिहिलं:
उत्तरेस लिंब एक, घेर सव्वासात फूट, वय सांगता येत नाही.
कठड्यास खिळा एक, खिळ्यास पिशवी एक.
पिशवीत काय, हे कोर्टानं विचारलेलं नाही.

पुढची तारीख एकोणीस, गुरुवार.
खालच्या पौळांची पाळी आहे, ते येणार नाहीत.
वकील मुदतीचा अर्ज देतील.