पापणीलाही चिलखत

ड्रमहेलरच्या पतपेढीत मला कॅल्गरीहून पाठवलं होतं,
जुनं खोड काढून नवं रोप लावायला.
बॅगेत लॅपटॉप, एक तक्ता,
तक्त्यावर बाण, सगळे उजवीकडे धावणारे.

तळघरात ओरिसिया पेट्रिशिन.
वय एकाहत्तर, निवृत्ती तिसऱ्यांदा रद्द,
मांडीवर विणकाम, पडद्यावर कोबॉल:
हे तिकडे हलव. ते यात मिळव. आता थांब.
सगळं कॅपिटलमध्ये, खड्या आवाजात,
आणि दर वाक्याला पूर्णविराम हवाच,
नाहीतर छडी.

"एकदा विसरले मी तो," ती म्हणाली, "त्र्याऐंशीच्या मार्चात.
मोहरीएवढा ठिपका.
रात्रीतून 'पी'पासून पुढच्या सगळ्या आडनावांना
दुप्पट व्याज.
आता माझं आडनाव पेट्रिशिन.
चूक होती हे कुणाला पटावं?"

दुपारी जेवायला म्हणून तिने म्युझियममध्येच नेलं.
डब्यात बटाट्याच्या पिरोही, समोर तो:
युओप्लोसेफॅलस.
(पूर्ण नाव घेईपर्यंत निघून गेला असता,
तेही सावकाश.)
बुटका, रुंद, पाठभर हाडांच्या थाळ्या,
ऐंशी रकान्यांच्या कार्डासारख्या रांगेत.
गेंड्याने कातडी याच्याकडूनच उसनी नेली
आणि परत करायची राहिली.
ओरिसियाने काट्याने दाखवलं,
"डोळा बघ. पापणीलाही चिलखत.
झोपतानासुद्धा शटर खाली."

हत्ती गेला अन् शेपूट राहिलं म्हणतात,
इथे शेपटाच्या टोकालाच गदा.
मेंदू मुठीत मावेल एवढा,
पण वाटेत येणाऱ्याच्या नडगीचा हिशेब
चोख.

शेजारच्या एका पोराने विचारलं, "हा मेला कशाने?"
आई फलक वाचू लागली.
ओरिसियाने आधी घास गिळला.
"मेला कुठे? सपोर्ट बंद झाला."

रविवारी रात्री मी एकटाच.
जुन्या कोडमध्ये हजारो ओळी खाली,
सातव्या रकान्यात एक तारा, आणि पुढे:
इथे हात लावू नये.
का, ते आता आठवत नाही.
ओ. पे., १९८७.

मी हसलो. ओळ पुसली. खालची थोडी सरळ केली.

तीन वाजून दहा मिनिटांनी नवी सिस्टिम आडवी.
कुठून काय लागलं कळलंच नाही,
फक्त नडगी ठणकत होती.
सव्वातीनला जुनी उठली, जांभई न देता,
आणि सगळ्या गावाचं व्याज
पै न् पैसह मोजून मोकळी झाली.

सकाळी ओरिसिया आली. काही बोलली नाही.
मोज्याची टाच विणत बसली.

मी तिची ओळ होती तिथे परत ठेवली.
खाली माझी एक,
सातव्या रकान्यात तारा देऊन:
हात लावून पाहिला. बरोबर आहे.

पूर्णविराम दिला.
दोनदा तपासला.