सव्वा थाऊ

उद्यमबागेत दिवसा मोजणी होत नाही.
शेजारची इंडक्शन भट्टी पेटली
की माझ्या पडद्यावरची सरळ रेघ
हीव भरल्यागत थरथरते.
म्हणून रात्री साडेनऊनंतर,
शेवटची पाळी रिकामे डबे वाजवत
तिसऱ्या गेटाकडे गेली
की मी चिप लावते.

काचेवर सोन्याच्या दोन पट्ट्या,
वर रबराचं पारदर्शक झाकण,
झाकणाच्या पोटात एक बोळ.
तीस मायक्रॉन.
कॉलेजातल्या सरांना सांगताना
मला केसाची उपमा द्यावी लागली.
भरमाण्णा कणबरकरांना नाही.
"म्हंजे सव्वा थाऊ. जरा कमीच,"
म्हणाले, आणि पितळ उचललं.
साच्यावरचा तो उंचवटा
तीनदा मोडला. चौथ्यांदा उभा राहिला.

आज ते स्वतःच आलेत, बोट पुढं करून.
"माझंच घाल की गे. बघू दे
कशापायी डोळे फोडून घेतले ते."

मिठाच्या पाण्यात एक थेंब.
पेशी येतात एकेक करून,
विजेच्या वाटेत क्षणभर आडव्या होतात,
आणि रेघ टोक उचलते, खाली ठेवते.
टोक. टोक टोक.
मग बराच वेळ काहीच नाही.
टोक.
आकडा यंत्र ठेवतं, तरी बसव्वा
सवयीनं ओठांत पुटपुटते, ओंदु, एरडु,
आणि बाराच्या पुढं कधीतरी मराठीत येते.

मी सांगते: संथ वीज पेशीला वळसा घालते,
तिचा आकार तेवढा कळतो.
वेग वाढवला की तीच वीज
कातडीतून आत जाते,
आत काय शिजतंय त्याचा वास घेऊन येते.
"हे ठोकणंच की," भरमाण्णा म्हणतात.
"बीड आम्ही ठोकूनच बघतो.
बद्द वाजलं की आत पोकळी."

पडद्यावर ठिपक्यांचा ढग जमला.
आणि ढगाबाहेर, वरच्या वेगाला,
एक लहान पुंजका.

मी बुडबुडा शोधला. नव्हता.
नुसतं पाणी सोडलं. रेघ सपाट.
माझं बोट टोचलं. ढग एकच.
पुन्हा त्यांचा थेंब.
पुंजका तिथंच.

"यंत्र अजून कच्चं आहे," मी म्हणाले,
"यावरून काही ठरत नाही."
त्यांनी चष्मा शर्टाला पुसला.
"कास्टिंग बद्द वाजलं
म्हणून हातोड्याला कोण बोल लावतंय?"
मग दारापाशी थांबून,
"पण एका ठोक्यावर भंगारात पण टाकत न्हाई.
दुसऱ्याकडनं ठोकून घेतो."

सकाळी सिव्हिलला जायचं ठरलं.
फॉर्म कन्नडमध्ये असतो; बसव्वा भरेल.

ते गेल्यावर चिप धुतली, दोनदा.
तरी एक पेशी बोळात अडकून राहिली,
रेघ उचललेली ती उचललेलीच.
कुणाची, आता सांगता येणार नव्हतं,
त्यांची की माझी.
पहाटे भट्टी पेटली
आणि सगळंच थरथरायला लागलं,
तोवर मी बघत बसले होते.