हळद-चुना

सावळजच्या खाली, ओढ्याकडच्या बागेत
खरड छाटणी चालली आहे.
बिरूदाच्या कात्रीचा आवाज येईपर्यंत
त्याचा हात पुढच्या काडीवर पोचलेला असतो.
डाव्या तर्जनीला टोक नाही.

मी विश्रामबागेतल्या प्रयोगशाळेत
आठ महिने पानं कापते आहे.
अंधारी खोली, भिंगाखाली
मोहरीच्या कुळातलं बोटभर रोप,
त्याच्या पेशींत पेरलेलं एक उजळणारं प्रथिन.
कात्री लागते.
क्षणभर काहीच नाही.
मग जखमेच्या कडेपासून हिरवा उजेड निघतो,
शीर धरून,
सेकंदाला मिलिमीटर, असा,
देठ उतरतो, खोडाला वळसा घालतो,
आणि ज्याला कुणी बोटही लावलं नाही
ते पान उजळतं.

कॅल्शियम, असं मी वहीत लिहिते.
बिरूदाला सांगताना म्हणाले, चुना.
प्रत्येक पेशीच्या पोटात डबी असते,
झाकण घट्ट,
कारण जास्त झाला तर भाजतं, तुला ठाऊकच आहे.
जखम झाली की झाकणं उघडत जातात,
एकीचं ऐकून दुसरीचं.
लांबचं पान मग एक रस करायला घेतं,
जाईच्या वासाचा चुलतभाऊ,
आणि तो रस फिरला की परत झाकणं, परत चुना.
शेवटी पान कडू होतं.
अळी तोंड फिरवते.

तळहातावर अंगठा तसाच ठेवून तो ऐकत होता.
"म्हंजे हिला म्होरं कळतंय, मी येणार त्ये?"
नाही. कापल्यावर.
"मग आमच्यावानीच."

मणेराजुरीत टोक गेलं तेव्हा
मुकादमानं हळद-चुना लिंपला, चिंधी बांधली.
राहिलेल्या दोन ओळी त्यानं दिवेलागणीपर्यंत उरकल्या.
जतला फोन केला नाही.
अडीच महिन्यांनी घरी गेला,
धाकटी त्याची बोटं मोजत बसली
आणि एका बोटापाशी अडली.
तेव्हा कळलं घराला.

मी मनात हिशेब केला.
मणेराजुरी ते जत,
पानाच्या चालीनं,
दोन वर्षं लागली असती.
त्याला सांगितलं.
"बघा," तो हसला, "मी लवकरच कळवलं की."

मग डबीचं झाकण लावलं,
अर्ध्या बोटानं दाबून पाहिलं,
परत एकदा दाबलं,
आणि कात्री घेऊन उठला.