लांब पट्टी, लीड टू

कवडूजी ठवरे, वय एकसष्ट,
कोराडीच्या थर्मलला अठ्ठावीस वर्षं स्विचयार्डवर.
रात्री अडीचला मेडिकलच्या कॅज्युअल्टीत आले
नातवाच्या स्कूटीवर मधे बसून,
मागून सुनेनं धरलेले.
छातीत शिट्टी.
मास्कमधली पांढरी वाफ
कुलरच्या वाऱ्यात तिरपी जात होती.
एक डोस, वीस मिनिटांनी दुसरा, मग तिसरा.
शिट्टी विरली,
आणि मला हाक आली: मशीन आणा.

सहा वाट्या छातीवर, चार चिमटे हातापायांना.
हलू नका जी, बोलू नका.
ते बोललेच:
"बाई, दम मोकळा झाला,
पण आतली मोटर काहून एवढी पळून राह्यली?"

मी डॉक्टर नाही, चौदा वर्षं कागद ओढते.
ऐकून ऐकून एवढं कळलं,
की औषध पाठवलेलं असतं श्वासनळ्यांना,
पण तसलीच कुलपं हृदयालाही आहेत,
आणि किल्ली घर विचारत नाही.
रक्तातलं पोटॅशियम घाईनं पेशींत शिरतं,
ठोक्यामागची बुटकी टेकडी, टी,
बसत बसत चपटी होते.

एकशे बत्तीस.
मधेच एक ठोका रांग मोडून आलेला, रुंद, बेढब,
त्याच्यामागे लांब गप्प जागा.

कवडूजींनी पट्टी उलटीकडूनच वाचली.
"फ्रिक्वेन्सी अशीच डोलते जी, ट्रिपच्या आधी.
मंग आमी लोड काढो.
कोनता मोहल्ला अंधारात ठेवाचा, थे ठरवा लागे.
तुमी कोनता ठेवता?"

डॉक्टरनं चौथा डोस थांबवला,
पोटॅशियम लावलं.
मी वाट्यांची जेली पुसत राहिले.

मीही दोन फवारे मारूनच तिसरा मजला चढते.
एकदा, होळीच्या आसपास, दार लावून
स्वतःलाच वाट्या लावल्या.
एकशे अठरा. टेकडी बसलेली.
कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवला,
कोणाला दाखवला नाही.
मे महिन्यात उघडला तेव्हा
उन्हानं माझे ठोके पुसले होते,
छापील गुलाबी चौकोन तेवढे शाबूत.

पहाटे साडेपाचला कवडूजींची पुन्हा काढली.
शहाण्णव. रांग सरळ.
सुनेच्या हातात दोन्ही पट्ट्या दिल्या, म्हटलं,
दुकान उघडलं की फाटकासमोर झेरॉक्स काढून घ्या.
हा कागदही थर्मलच आहे, राहत नाही.