पटावर अकरा

पटावर अकरा.
त्यातली नऊ नेपाळची.
उरलेल्या दोघांतला तारकरांचा नातू
मे महिन्यात मामाकडे विरारला जाणार,
दाखला आजोबांनी आत्तापासून मागून ठेवलाय.
पट असाच उतरला तर शाळेला कुलूप,
केंद्रप्रमुख चहा पिता पिता म्हणाले.

गावात कुलपं पुष्कळ.
किल्ल्या सगळ्या दानसिंग धामीच्या करदोट्याला.
घाड्यांची, मेस्त्रींची, वरच्या आळीतल्या पुजाऱ्यांची,
कुठली कुठल्या दाराची
हे तो अंधारात बोटांनी ओळखतो.
गणपतीआधी दारं उघडायची, वाळवी झाडायची,
पंपाला पाणी पाजायचं,
आणि धनी आले की अंगणाच्या कडेला उभं राहायचं.
चौदा वर्षं.
पहिल्या वर्षी तो कलमांच्या बागेत कुत्र्याला कवटाळून झोपला,
चोर, वांदर, आणि जन्मात न पाहिलेला समुद्र
या तिघांना भिऊन.
सकाळी विचारलं, रात्रभर खाली कोण ओरडतंय?
बाजी घाडी म्हणाले,
"कोण नाय रे. दर्या तो. तेका झोप नाय."

मीसुद्धा हेच विचारलं होतं.
आमच्या औशाकडे पाणी विहिरीतसुद्धा बोलत नाही.
पहिलं वर्षभर मी घाटावरची बाई,
बांगड्याच्या वासानं नाक धरणारी.
भाकरी थापायला बसले
की शेजारणी बघायला यायच्या.
आता भरती-सुकती पायांना कळते,
पण सुकट भाजताना अजून खिडकी उघडते मी.
तेवढं राहू दे.

बिस्नाचं नाव घालायला धामी आला
तेव्हा अर्जावर चौकोन एवढासा: मूळ गाव.
"बझांग," तो म्हणाला.
मी बजंग लिहिलं. तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पन बाई, बस तितपर्यंतच जाते.
फुडे दोन दिवस चालायचं. ते पन लिहा."
जागा नव्हती.
समासात आडवं लिहिलं: पुढे दोन दिवस चालत.
तालुक्याला कुणीतरी त्याभोवती पेन्सिलीनं
प्रश्नचिन्ह काढून पाठवलं.

शिमग्यात होळीसमोर गावकारांनी गाऱ्हाणं घातलं.
मुंबैक गेल्लेल्यांक सांभाळ, म्हाराजा.
व्हय म्हाराजा!
पोटासाठी दर्यात गेल्लेल्यांक सांभाळ.
व्हय म्हाराजा!
मग ते अडखळले.
गर्दीच्या मागे, माडाला टेकून धामी होता.
घसा खाकरून म्हणाले,
आणि जे कोण खयसून खयसून इले, हय ऱ्हवले,
तेंका आपलां म्हण.
कुणाच्या तोंडून काही येईना.
बिस्नाच ओरडली, एकटी,
व्हय म्हाराजा!
लोक हसले.
सगळे नाही. दुसऱ्या दिवशी दुकानावर बोलणं झालं,
गावकाराक रात्री चढली हुती.
धामी तिथेच होता, मीठ घेत.
किल्ल्या चाचपल्या त्यानं, आणि बागेत गेला.

माझा बदलीचा अर्ज टेबलावर आहे.
पसंतीक्रम एक: औसा.
दरवर्षी भरते, दरवर्षी शेवटच्या तारखेला
इथली रेंज जाते. किंवा मी जाऊ देते.

काल निबंध दिला: माझा गाव.
बिस्ना धामी, इयत्ता चौथी.

माझ्या गावात समूद्र आहे. होड्या आहेत.
थंडीत बर्फ पडला की आजी शेळ्या आत घेते.
आंबे खिडकितून दिसतात पण तोडायचे नाहीत.
माझा गाव फार उंच आहे.
बाबांकडे सगळ्या घरांच्या किल्ल्या आहेत.

लाल पेन घेऊन बसले, बराच वेळ.
समुद्राचा मु ऱ्हस्व केला.
खिडकीची की दीर्घ.
बर्फाला हात लावला नाही.
खाली सही, तारीख.
दहापैकी किती, ते अजून घातलेलं नाही.