दहाचे तीस

पहिली प्रत डंडीला, दुसरी इन्व्हरनेसला,
तिसरी समुद्रापलीकडे लर्विकला,
जिथे वारा झाडांना फार वाढू देत नाही म्हणे.
फळ्यावर मी तीन वर्तुळं काढली,
कॅलमने मधल्या रेषांवर मिलिसेकंद लिहिले.
तिघांतले दोघे हो म्हणाले की ते खरं.
गावकीत तरी याहून वेगळं काय असतं?

लिहिणं सोपं.
नवा पेशंट, नवा पत्ता, नव्या चष्म्याचा नंबर:
एकाला सांगा, तो दुसऱ्याला सांगतो.
पुसायचं म्हटलं की पंचाईत.
ओळ गेली, हेही लिहून ठेवावं लागतं
आणि प्रत्येक प्रतीच्या दारात जाऊन सांगावं लागतं.
त्या खुणेला इथे थडगं म्हणतात.
दहा दिवस ठेवायचं, मग झाडून टाकायचं.
दहाच का?
कॅलम म्हणाला, कुणास ठाऊक, डीफॉल्ट आहे.
मला हसू आलं. याला सुतक कसं समजावू?

मार्चमध्ये एका ट्रॉलरच्या नांगराने केबल तुटली.
लर्विक तेरा दिवस एकटं, आपल्याच वहीत मग्न.
जोडलं गेलं तोवर
इकडची थडगी झाडून झालेली.
लर्विकने भाबडेपणाने वही पुढे केली:
तुमच्याकडे एक ओळ कमी दिसते.
दोघांनी ती निमूट उतरवून घेतली.
मॅग्नस इझबिस्टर, डावा डोळा, मंगळवार, सव्वादहा.

पत्र घरी गेलं.
त्याच्या बायकोचा फोन आला. रागावली नव्हती.
म्हणाली, वेळेचा पक्का होता तो, आला असता.
बोटीचं तिकीट तेवढं कुणाच्या नावाने काढू?

बापूकाका गेले तो माझा रिलीजचा आठवडा.
घरच्यांनी मिळून ठरवलं, तिला आत्ता नको.
अकराव्या दिवशी आईने सांगितलं,
आणि लगेच, दहा उलटले गं, आता नुसती आंघोळ कर.
ब्रॉटी फेरीच्या फ्लॅटमध्ये शॉवरखाली
गरम पाणी संपेपर्यंत उभी होते.
कराडच्या प्रतीत ते नाहीत.
माझ्यात आहेत: रविवारी, तिकडची संध्याकाळ धरून,
बोट अजून त्यांच्या नंबरापर्यंत जातं.
कुणी जुळवून घेतलं नाही.
मीही मागितलं नाही.

आज आकडा बदलला. दहाचे तीस.
तिकिटात कारण लिहिलं: केबल, हवामान.
डिस्क जास्त खाईल, कॅलम म्हणाला.
खाऊ दे.

रात्री दुरुस्ती लावली आहे.
लर्विक एकेक नाव घेऊन विचारतंय,
हा आहे? ही?
खिडकीत टे नदी, पुलावरून उशिराची मालगाडी.
शेहेचाळीस टक्के.
चहा टाकते.